एका माणसाचा एका दिवसाचा श्वास: ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या प्रकल्पाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

माळ्यावरून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खाली काढला. मे २०२१ मध्ये बाबांसाठी आणला होता. तीन आठवडे तो त्यांच्या पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरत होता, आणि त्याचा आवाज जरा बदलला की घरातले सगळे जागे व्हायचे. बाबा बरे झाले आणि यंत्र माळ्यावर गेलं. आज भाचीनं आणि तिच्या मैत्रिणीनं ते कारखान्यात आणून उघडलं. दोघी यंदा बारावीला आहेत.

आत एक कॉम्प्रेसर, दोन नळकांडी आणि झडपा. नळकांड्यांत झिओलाइट या सच्छिद्र खनिजाचे दाणे. दाबाखाली हवा सोडली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. दाब सोडला की धरलेला नायट्रोजन सुटतो. एक नळकांडं धरतं तेव्हा दुसरं सोडतं, असं आळीपाळीनं चालू राहतं. बाबा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "म्हणजे हे ऑक्सिजन करत नाही, तांदळातले खडे निवडावेत तसा निवडतं. भोवती हवाच नसेल तर?"

तर काहीच नाही. तिथूनच हा प्रकल्प सुरू झाला. अंतराळात भोवती हवा नसते, आणि बरोबर नेलेला साठा कधीतरी संपतो. गगनयानसारख्या थोड्या दिवसांच्या फेरीला साठा पुरतो. सहा महिने किंवा दोन वर्षं राहायचं तर ऑक्सिजन तिथेच तयार करावा लागतो. फळ्यावर लिहिलं: एक माणूस, एक दिवस. तेवढा ऑक्सिजन पाण्यातून काढायचा. तो कुणी हुंगायचा नाही, फक्त मोजायचा.

३ जून, मंगळवार

हिशेब. एका अंतराळवीराला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तेवढा काढायला ९४५ ग्रॅम पाणी फोडावं लागतं, आणि १०५ ग्रॅम हायड्रोजन हाती येतो.

वीज किती, या प्रश्नाशी आल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं. आम्ही धातूचा मुलामा देणाऱ्या प्लेटिंगवाल्यांसाठी रेक्टिफायर, म्हणजे एकदिश वीज देणारी यंत्रं, बनवतो. किती अँपिअरला तासात किती निकेल चढेल, हे फॅरेडेच्या नियमानं काढणं आमचं रोजचं काम. तोच नियम ऑक्सिजनला लावला. ८४० ग्रॅमसाठी चोवीस तास अखंड ११७ अँपिअर. निकेलच्या एका मध्यम टाकीला आम्ही याहून जास्त देतो. घटाला (दोन प्लेटी आणि मधलं पाणी) दोन व्होल्ट धरले तर २३४ वॅट झाले, म्हणजे छताच्या तीन पंख्यांची वीज. एवढ्यावर एक माणूस जगतो.

आकारमानानं हा ऑक्सिजन मिनिटाला अर्ध्या लिटरहूनही थोडा कमी भरतो. बाबांनी लगेच अडवलं, "मला पाच लिटरवर ठेवलं होतं." बरोबर आहे. नाकातल्या नळीतून सोडलेला बराचसा ऑक्सिजन श्वास सोडताना तसाच खोलीत जातो. शरीर प्रत्यक्षात घेतं ते थोडंच. यानात खोलीबाहेर काही जातच नाही. सोडलेल्या श्वासातही सोळा टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो, तो पुन्हा सगळ्यांच्या वाट्याला येतो. म्हणून तिथे जेवढा शरीरानं घेतला तेवढाच भरून काढायचा.

८ जून, रविवार

एकाच घटात ११७ अँपिअर सोडायचे, की वीस छोटे घट ओळीनं जोडून सहा अँपिअर? दुसरं ठरलं. वीस गुणिले सहा म्हणजे १२०, गरजेपेक्षा थोडं जास्त. १० सेंटिमीटर चौरसाच्या २१ प्लेटी, ३१६ स्टेनलेस पत्र्याच्या. मध्ये ईपीडीएम रबराचे गॅस्केट, आणि प्रत्येक घटाच्या मधोमध फिल्टर प्रेसचं दाट कापड. कापडाचं काम फार महत्त्वाचं: एका बाजूचा हायड्रोजन दुसऱ्या बाजूच्या ऑक्सिजनमध्ये मिसळू द्यायचा नाही. हायड्रोजन चार टक्क्यांवर गेला की मिश्रण पेट घेऊ शकतं.

वीज वाहावी म्हणून पाण्यात कॉस्टिक पोटॅश, एक जळजळीत अल्कली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचं रशियन 'इलेक्ट्रॉन' यंत्रही याच द्रावणावर चालतं. अमेरिकन बाजूचं यंत्र जुलै २००६ मध्ये वर गेलं. त्यात कॉस्टिक नाही. पातळ प्लास्टिकसारखा पडदाच प्रोटॉन पलीकडे नेतो आणि नुसतं अतिशुद्ध पाणी लागतं. दिवसाला २.३ ते ९ किलो ऑक्सिजन देण्याची त्याची ताकद आहे. तो पडदा आमच्या खिशाला झेपणारा नाही. कॉस्टिक पोटॅश मात्र ठाण्यात पोत्यानं मिळतं.

मुलींना चष्मा, लांब हातमोजे आणि व्हिनेगरची बाटली हाताशी, याशिवाय द्रावणाजवळ यायचं नाही असं बजावलं. पाण्यात पोटॅश टाकायचं, पोटॅशवर पाणी नाही. बादली किती तापते ते त्यांनी बाहेरून हात लावून पाहिलं. डोळ्यात थेंब गेला तर काय होतं, हे फिटरकाकांनी तरुणपणी पाहिलेलं सांगितलं. त्यानंतर मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

१५ जून, रविवार

जोडणी झाली. चार ठिकाणी गळती. टाय रॉड समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे होते. आम्ही एका कडेनं आवळत गेलो, त्यामुळे गॅस्केट एका बाजूला दबलं. सगळं उघडून पुन्हा.

२२ जून, रविवार

पहिल्यांदा वीज सोडली. सहा अँपिअरला ४४ व्होल्ट. दोन्ही नळ्यांतून बुडबुडे, हायड्रोजनच्या नळीतून जवळपास दुप्पट. मुली टाळ्या वाजवत होत्या.

दीड तासानं ऑक्सिजनच्या बाजूचं द्रावण पिवळसर दिसलं आणि मी स्विच पाडला. प्लेटिंगच्या धंद्यात वाढलेल्या माणसाला तो पिवळा रंग ओळखता येतो. स्टेनलेसमधलं क्रोमियम विरघळून सहा-संयुजी रूपात येत होतं, म्हणजे विषारी आणि कर्करोगाला कारण ठरणारं. स्टेनलेसच्या प्लेटी लावून पाण्यातून 'गॅस' काढायचे प्रयोग लोक घरी करतात आणि ते पाणी मोरीत ओततात. कृपा करून करू नका. आम्ही द्रावण झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, शेजारच्या प्लेटिंगवाल्यांच्या क्रोमच्या सांडपाण्याबरोबर ते प्रक्रियेला जाईल.

संध्याकाळी त्याच शेजाऱ्यांना एकवीस प्लेटी दिल्या: जाड निकेल चढवा, छिद्र राहू देऊ नका. अल्कली द्रावणात निकेल टिकतं, ऑक्सिजनच्या बाजूलाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

२५ जून, बुधवार

दुपारी बारा वाजता कारखान्यातलं काम थांबवून सगळे मोबाईलभोवती. शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकाकडे निघाले. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. बाबांना मात्र तो दिवस लख्ख आठवतो. त्यांनी विचारलं, "आता हा पोरगा तिथे कोणाचा ऑक्सिजन घेणार?"

मी सांगितलं: बराचसा पाण्याचा. आणि त्या पाण्यात सगळ्यांचा घाम, श्वासातली वाफ आणि लघवीसुद्धा आहे, गाळून शुद्ध केलेली. २०२३ मध्ये स्थानकानं ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शेतातलं पाणी तरी काय वेगळं असतं." त्यांचं बालपण जुन्नरकडे गेलं.

शुक्ला यांच्याबरोबर सूक्ष्म शैवाल आणि सायनोबॅक्टेरियाचे प्रयोगही गेले आहेत. मुलींनी तेवढ्यावर दुसरा फाटा काढला: आपणही शैवाल वाढवून पाहू. उपवन तलावाचं हिरवं पाणी बाटलीतून आणलं. माझी हरकत नाही.

२९ जून, रविवार

निकेल चढवलेल्या प्लेटी बसवल्या. सहा अँपिअरला ४१ व्होल्ट, म्हणजे तीन व्होल्टची बचत. द्रावण तीन तासांनंतरही पाण्यासारखं स्वच्छ.

ऑक्सिजन पाण्यावर गोळा करून मोजला. पाच लिटरचा कॅन भरायला अकरा मिनिटं. कॅनमधली पाण्याची वाफ वजा करून हिशेब केला तर नियमानुसार यायला हवा त्याच्या ९३ टक्के. उरलेले सात टक्के कुठे गेले? काही वीज घटांमधून न जाता द्रावणाच्या सामाईक नळीतून आडवाटेनं पळते, आणि थोडा वायू कापडातून पलीकडे जातो. शुद्धता ९८ टक्के. बाकीचे दोन टक्के हायड्रोजनच आहे असं धरून चालायचं. प्रवाह दोन अँपिअरवर आणला तर शुद्धता आणखी घसरते, कारण ऑक्सिजन कमी तयार होतो आणि कापडातून झिरपणारा हायड्रोजन मात्र तेवढाच राहतो. म्हणून "रात्री हळू चालवू" हा पर्याय नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. कारखाना बंद, बाबांचा उपास. मी ऑफिसच्या खोलीत बसून एक हिशेब केला. तो आधीच करायला हवा होता असं आता वाटतं.

खोली दहा बाय दहा, उंची दहा फूट. २८ घनमीटर हवा. दारं-खिडक्या पूर्ण बंद करून एक माणूस आत बसवला तर खोलीतला ऑक्सिजन किती दिवस पुरेल? हवेतच पावणेआठ किलोच्या आसपास ऑक्सिजन आहे. नुसता भागाकार केला तर नऊ दिवस.

पण तो माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. एका दिवसात खोलीतलं त्याचं प्रमाण दोन टक्क्यांपर्यंत चढतं: डोकं दुखतं, धाप लागते. दुसऱ्या दिवसअखेर चार टक्के, आणि पुढे गुंगी. तोवर ऑक्सिजन एकवीसवरून सोळा-सतरावर आलेला असतो. म्हणजे बंद खोलीत माणसाला आधी गाठतो तो त्यानं स्वतः सोडलेला वायू. १९७० मध्ये अपोलो १३ च्या तिघांवर हीच वेळ आली. त्यांच्याकडे ऑक्सिजन उरला होता, पण चंद्रावर उतरायच्या छोट्या यानातले कार्बन डायऑक्साइड शोषणारे डबे अपुरे पडत होते. मुख्य यानातले डबे चौकोनी होते, जागा गोल होती. पुठ्ठा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिकटपट्टीनं त्यांनी ते बसवले.

स्थानकावर हा वायू पकडायला वापरतात ते झिओलाइटच. बाबांच्या यंत्रातल्या दाण्यांचाच भाऊबंद. तो नायट्रोजन धरतो, हा कार्बन डायऑक्साइड. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी साबुदाण्याची वाटी खाली ठेवली आणि दाणे पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिले.

१३ जुलै, रविवार

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा. सविस्तर लिहिते.

आतापर्यंत आमचा घट उभा होता. प्लेटीवर बुडबुडा तयार होतो, मोठा होतो, सुटतो, वर जातो, नळीतून बाहेर. यातलं 'वर जातो' हे काम आमच्याकडे गुरुत्वाकर्षण फुकट करतं. पाणी जड म्हणून खाली बसतं आणि वायूला वर ढकलतं. कक्षेत फिरणाऱ्या यानात सगळंच एकत्र पडत असतं, तिथे वर आणि खाली नाही. बुडबुडा जिथे जन्मला तिथेच राहतो.

गुरुत्वाकर्षण काढून टाकणं आमच्या हातात नाही. त्याची मदत काढून घेणं मात्र जमतं. ॲक्रिलिकचा पारदर्शक एकच घट केला, दोनच प्लेटी, आणि तो आडवा ठेवला. ऑक्सिजनची प्लेट वर, तिचं तोंड खाली. आता बुडबुड्याला वर जायचं तर वाटेत प्लेटच आहे.

वीज सोडली. पहिलं मिनिट काही दिसलं नाही. मग प्लेटीखाली बारीक बुडबुडे एकमेकांना चिकटायला लागले, त्यांचे मोठे झाले, आणि चौथ्या मिनिटाला अर्ध्या प्लेटीखाली एकच सपाट वायूची चकती झाली. तेवढ्या भागाला पाणी लागतच नव्हतं. व्होल्टेज २.१ वरून चढत ३.४ वर गेलं, आणि मी बंद केलं. घट तोच होता, द्रावण आणि प्रवाहही तेच. फक्त बुडबुड्याला जायला जागा नव्हती. भाची म्हणाली, "आत्या, हा स्वतःच्याच ऑक्सिजननं गुदमरला."

'इलेक्ट्रॉन' यंत्र बुडबुडे अडकून बंद पडल्याच्या बातम्या मी पूर्वी वाचल्या होत्या. तेव्हा मला वाटलं होतं, रशियन लोक पाण्यातला बुडबुडा का काढू शकत नाहीत? आज पाहिल्यावर त्या तंत्रज्ञांबद्दल आदर वाटला. सप्टेंबर २००६ मध्ये तेच यंत्र तापलं, वास पसरला, आणि अंतराळवीरांना मास्क-हातमोजे चढवावे लागले. आपल्या घरात शॉर्टसर्किटचा वास आला तर आपण आधी खिडकी उघडतो.

१५ जुलै, मंगळवार

शुक्ला परतले. समुद्रात उतरलेलं यान पाहून बाबांनी देवाजवळ दिवा लावला.

२० जुलै, रविवार

बुडबुडा सोडवायचा कसा? वजन नसेल तर वजन तयार करायचं: फिरवून. दह्याची रवी फिरवतो तसं नाही, कपडे वाळवायच्या ड्रायरसारखं. जड ते कडेला, हलकं ते मध्ये.

फिटरकाकांनी सहा सेंटिमीटर व्यासाचं ॲक्रिलिकचं नळकांडं लेथच्या चकमध्ये धरलं, आडवं. आत पाणी आणि हवेचा फेस. हायड्रोजन नाही, साधी हवा. लेथजवळ हायड्रोजन आणायचा नाही हा नियम आहे. मिनिटाला सहाशे फेरे. या वेगाला भिंतीजवळच्या पाण्याला आपल्या वजनाच्या बारापट जोर जाणवतो. दोन सेकंदांत फेस मोडला. पाणी भिंतीला चिकटलेल्या कड्यासारखं झालं आणि मधोमध आरपार स्वच्छ हवेचा दांडा. बाजूनं टॉर्च मारला तर तो काचेच्या कांडीसारखा चमकत होता.

स्थानकावरच्या अमेरिकन यंत्रात पाणी आणि वायू वेगळे करायला असाच फिरता विभाजक आहे. तो फिरतो म्हणजे त्याला मोटर आहे, बेअरिंग आहे, सील आहे. काका चाळीस वर्षं बेअरिंग बदलत आले आहेत. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "ताई, मंगळाच्या वाटेवर बेअरिंग गेलं तर?"

माझ्या मते हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. पाणी फोडणं शाळेच्या प्रयोगशाळेतही जमतं. सहाशे-सातशे दिवस, सुटा भाग मागवायची सोय नसताना, न थांबता फोडत राहणं, खरं अवघड ते हे. काही संशोधक आता फिरते भाग टाळून चुंबकानं बुडबुडे बाजूला ओढायच्या मागे आहेत. ते जमलं तर काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल.

२७ जुलै, रविवार

भाचीच्या मैत्रिणीचा प्रश्न: आपण हायड्रोजन छपरावरून सोडून देतो, स्थानकावरही सोडतात का?

बरीच वर्षं सोडतच होते. २०१० मध्ये तिथे साबातिए अभिक्रियेचं यंत्र गेलं. पॉल साबातिए हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ, १९१२ चे नोबेल मानकरी. तापलेल्या उत्प्रेरकावर कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन एकत्र आणले की मिथेन आणि पाणी मिळतं. पाणी पुन्हा फोडायला वापरायचं.

एका माणसाचा एका दिवसाचा हिशेब फळ्यावर मांडला. ९४५ ग्रॅम पाणी फोडलं, हायड्रोजन आला १०५ ग्रॅम. त्याचा निम्मा मिथेनमध्ये जातो, निम्मा पाण्यात. म्हणून पाणी परत मिळतं ४७२ ग्रॅम, बरोबर अर्धं. कार्बन डायऑक्साइड वापरला जातो ५७७ ग्रॅम. माणसानं सोडलेल्या किलोपैकी बाकीच्याला हायड्रोजन पुरतच नाही. मिथेन बाहेर अवकाशात. चार माणसं आणि हजार दिवस धरले तर ऑक्सिजनच ३,३६० किलो लागेल. त्यासाठी फोडलेल्या पाण्यातलं अर्धं परत मिळणं म्हणजे जवळपास १.९ टन पाणी पृथ्वीवरून न उचलणं.

मंगळावर पोचल्यावर वेगळी वाट आहे. तिथली हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी या पेटीएवढ्या यंत्रानं ती ८०० अंशांना तापवून, विजेनं फोडून ऑक्सिजन काढला. पहिल्यांदा, २० एप्रिल २०२१ रोजी, ५.४ ग्रॅम, एका माणसाचा नऊ-दहा मिनिटांचा श्वास. २०२३ पर्यंत सोळा वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम.

ती तारीख फळ्यावर लिहिताना माझा हात थांबला. दुसऱ्याच दिवशी, २१ एप्रिलला, नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजन गळाला आणि दाब पडून वीसहून जास्त माणसं गेली. बाबांचा ताप आम्हाला त्यानंतर दहा दिवसांनी कळला. मी ठाण्यात एका दुकानाबाहेर रांगेत रात्री दोनपर्यंत उभी होते. मंगळावर कुणीतरी पाच ग्रॅम ऑक्सिजन तयार केल्याची बातमी त्याच रांगेत मोबाईलवर वाचली होती, आणि मला राग आला नव्हता. उलट वाटलं होतं की कुणीतरी हे मुळापासून शिकतं आहे. मुलींना आज पहिल्यांदा सांगितलं.

३ ऑगस्ट, रविवार

शैवालाची नोंद. उपवनचं पाणी २० लिटरच्या जारमध्ये, थोडं युरिया, एलईडी दिवा, माशांच्या टाकीचा पंप. महिनाभरात पाणी गर्द हिरवं. दिवा लावला की जारच्या भिंतीवर मोत्यांसारखे बुडबुडे येतात. दिसायला आमच्या यंत्रापेक्षा कितीतरी सुंदर, आणि हे कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन देतं, वर खायलाही होतं.

१९६१ मध्ये मॉस्कोत येव्गेनी शेपेलेव्ह हे क्लोरेला या हिरव्या शैवालाच्या टाकीबरोबर बंद खोलीत एक दिवस राहिले. पुढे १९७२ मध्ये सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कला बायोस-३ उभं राहिलं, जमिनीखाली ३१५ घनमीटरचं बंद घर. तिथे माणसं महिनोन्‌महिने राहिली. एका माणसाच्या हवेला क्लोरेलाचा आठ चौरस मीटर उजेडाखालचा पृष्ठभाग लागतो, हे त्या कामातून पुढे आलं. आमच्या जारची उजेडाकडची बाजू जेमतेम एक दशांश चौरस मीटर. म्हणजे ऐंशी जार. शिवाय दिव्यांची वीज तीन पंख्यांपेक्षा कितीतरी जास्त. आणि यंत्र बिघडलं तर दुरुस्त होतं. शैवाल मेलं तर पुन्हा वाढायला आठवडे लागतात.

मैत्रीण तरीही शैवालाच्या बाजूनं आहे. तिनं आपल्या लोणारचं उदाहरण दिलं. इतकं खारं, इतकं अल्कली पाणी, आणि तिथेही स्पिरुलिना हे निळं-हिरवं शैवाल वाढतं. युरोपच्या मेलिसा प्रकल्पात, जो १९८९ पासून चालू आहे, तिचीच जातभाई ऑक्सिजन देण्याच्या कामाला घेतली आहे. तिचा मुद्दा खोडायला माझ्याकडे काही नाही. जार चालू ठेवला.

१० ऑगस्ट, रविवार

चोवीस तासांच्या धावेची तयारी. हायड्रोजनची स्टीलची नळी छपरापर्यंत. दोन्ही नळ्यांवर पाण्याचे सापळे, ज्वाला उलटी येऊ नये म्हणून. कुणीतरी कायम जागं.

काकांनी विचारलं, स्थानकावर यंत्र बंद पडलं तर हाताशी काय? टाक्यांतला साठा, आणि रशियन बाजूला 'मेणबत्त्या': लिथियम परक्लोरेटचे डबे. पेटवले की एका डब्यातून एका माणसाला दिवसभर पुरेल एवढा ऑक्सिजन सुटतो. २३ फेब्रुवारी १९९७ रोजी रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर असाच एक डबा भडकला. सहा माणसं आत होती, धुरात मास्क घालून त्यांनी आग विझवली. ऑक्सिजन आणि आग शेजारी-शेजारी राहतात, हे आम्ही सापळे तपासताना पुन्हा पुन्हा बोललो.

२३-२४ ऑगस्ट, शनिवार-रविवार

धाव. सकाळी ८:०० ला सुरू, ६ अँपिअर, ४१.२ व्होल्ट, द्रावण ३१ अंश.

१२:०० ४०.६ व्होल्ट, द्रावण ४४ अंश. तापलं की व्होल्टेज उतरतं. शुद्धता ९८.

१६:०० डिस्टिल्ड वॉटर ३०० ग्रॅम भरलं. बाबा डबा घेऊन आले आणि थांबलेच.

२२:०० सगळं जागेवर. बाहेर मुसळधार. मैत्रिणीला तिचे वडील घेऊन गेले, भाची थांबली.

०२:४० वीज गेली.

हा प्रसंग लिहून ठेवायला हवा. पहिल्यांदा पंखा थांबला, मग बुडबुड्यांचा आवाज. दोन महिने तो आवाज कानाला इतका सवयीचा झाला होता की तो थांबल्यावर बाबा खुर्चीत झोपलेले उठले. २०२१ मध्ये आम्ही जसे उठत होतो, तसे. भाचीनं टॉर्चच्या उजेडात वहीत लिहिलं: ०२:४०, ऑक्सिजन शून्य. आम्ही खिडकीशी बसलो. आमच्याभोवती ठाण्याची पावसाळी हवा होती, कितीही.

०३:५५ वीज आली. लगेच मोजायला सुरुवात करता येत नाही. बंद असताना दोन्हीकडचे वायू कापडातून एकमेकांत झिरपलेले असतात. पहिली दहा मिनिटं सगळं बाहेर सोडलं, शुद्धता ९७ च्या वर आल्यावरच मोजणी सुरू. स्थानकावरचं यंत्रही बंद होताना नायट्रोजन सोडून आतले वायू धुऊन काढतं. त्यामागचं कारण आज हातानं कळलं.

०६:०० ४०.४ व्होल्ट.

०८:०० संपलं. मध्ये काल ११:१० ला पंचवीस मिनिटांचा एक खंड होता, तोही धरला.

एकूण मोजणीचा वेळ २२ तास १० मिनिटं. ऑक्सिजन ७३९ ग्रॅम. ८४० ला १०१ ग्रॅम कमी, म्हणजे तीन तासांना थोडाच कमी इतका श्वास. भरलेलं पाणी ८७० ग्रॅम. हिशेबानं ८३१ लागायला हवं होतं, वरचे ३९ वाफेनं आणि तुषारांनी गेले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. द्रावण काढून ठेवलं, घट डिस्टिल्ड वॉटरनं धुतला, लेथ पुसला. कॉन्सन्ट्रेटर पुन्हा जोडला आणि चालवून पाहिला; दोन्ही नळकांडी नीट काम करतात. तो आता माळ्यावर जाणार नाही, कारखान्याच्या ऑफिसात राहील. कुणाला लागला तर द्यायचा.

विसर्जन झालं की दुसरी धाव. बॅटरीचा हिशेब भाचीकडे: ६ अँपिअर, ४२ व्होल्ट, दोन तास, म्हणजे साधारण ५०० वॅट-तास.